गेलीच नाही, तर येणार कुठून?

भाऊबीज आटोपून मढच्या थांब्यावर येऊन उभे राहावयाचे आणि कल्याणच्या एस.टी.ची वाट पाहावयाची, हा आमच्या लहानपणच्या दिवाळीचा शेवटचा अध्याय असे. मढ हे जुन्नर तालुक्यातले गाव. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून आले, की कल्याण–नगर रस्त्यावरच ते लागते. माझ्या आत्याचे ते सासर. माझे वडील – त्यांना आम्ही आप्पा म्हणतो – तेव्हा कल्याणला नोकरीस होते. वर्षातले दुसरे कुठलेही कार्य चुकले तरी बहिणीकडची भाऊबीज त्यांनी कधी चुकविली नाही. जाताना आमच्याजवळ शहरातल्या मिठाईचा पुडा असे, आणि परतताना तांदळाचे गाठोडे, करंज्यांचा डबा आणि आत्याने डोळे पुसत हातावर ठेवलेला एकेक रुपया.

थांब्यावर पंधरावीस माणसे आधीच जमलेली असत. गाडीची वेळ दहाची. साडेदहा होत, अकरा वाजत. आम्ही मुले दर पाच मिनिटांनी विचारीत असू, "आप्पा, गाडी कधी येणार?" आप्पा गप्प. उत्तर देई तो चहाच्या टपरीवरचा म्हातारा. हातातली किटली खाली न ठेवताच तो म्हणे,

"आरं पोरा, सकाळधरनं ती ओतुराकडं गेलीच न्हाई. गेलीच न्हाई, तर येणार कुठनं?"

म्हाताऱ्याचे गणित बिनचूक होते. कल्याणहून आलेली गाडी मढवरून ओतूरकडे जावयाची आणि तीच पुढे तोंड फिरवून आम्हांला घ्यावयास माघारी यावयाची. ज्याने सकाळपासून रस्त्यावर नजर ठेवली आहे, त्याला वेळापत्रकाची गरज नव्हती. त्या एका वाक्याने थांब्यावरची सारी चुळबूळ शमे. गाडी इतक्यात येत नाही हे एकदा कळले, की माणसे गाठोड्यांवर बसत. डबे उघडत. कोणाची चकली कोणाच्या हातावर, कोणाचा लाडू कोणाच्या पोराच्या तोंडात. कोणी उगाच घाटाच्या बाजूला दोन पावले जाऊन येई. एखादे आजारी माणूस असले, तर येणाऱ्या मालमोटारीला हात करून त्याला आधी पुढे धाडण्यात येई. उशीर होई तो होईच. पण तो सगळ्यांचा मिळून होई.

म्हाताऱ्याचे ते वाक्य मला पुन्हा आठवले ते पस्तीस वर्षांनी, आणि तेही एका विमानतळावर.

'थोड्याच वेळात' म्हणजे किती?

२०२४ सालची भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला होती. आप्पांचा मुक्काम त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाकडे, बंगळूरला होता. त्यांचे वय एक्याऐंशी. आत्या पंचाहत्तरीची. दोघांतही आता पूर्वीचे बळ उरलेले नाही. पण भाऊबीज मढलाच व्हावयाची, यावर दोघेही अडून. तेव्हा कॉलेजला सुटी लागताच मी बंगळूरला गेलो आणि भाऊबीजेच्या सकाळची दोन तिकिटे काढली. विमान साडेनऊला सुटणार, अकराला पुण्यास लोहगावला उतरणार. तेथून मोटारीने चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा करीत तीनपर्यंत मढ. कागदावर सारे कसे चोख बसले होते.

एक गोष्ट मात्र मी कागदावर मांडली नव्हती. भावाला ओवाळल्याशिवाय आत्या अन्नाला शिवत नाही. आणि गेली दहा वर्षे तिला मधुमेह आहे. सकाळी उठून गोळी घ्यावयाची, हे तिच्या अंगवळणी पडलेले. म्हणजे गोळी पोटात आणि अन्न नाही, अशी ती भाऊबीज.

सव्वानऊला फलकावर आमच्या विमानापुढे साडेदहा झाले. साडेदहाला सव्वाअकरा. सव्वाअकराला साडेबारा. मधून मधून ध्वनिक्षेपकावरून एक गोड आवाज, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करून, विमान 'थोड्याच वेळात' सुटेल, असे सांगे. मी मराठीचा अध्यापक. शब्दांच्या अर्थांवर माझे पोट चालते. पण 'थोडा वेळ' या दोन शब्दांत इतका लांबलचक अर्थ सामावू शकतो, हे मला त्या दिवशीच कळले.

मी आत्याला फोन केला. "निघतोच आहोत, आत्या." बारा वाजता पुन्हा केला. "विमानात बसतोच आहोत." दोन वाजता तिचाच आला. "कुठवर आलात रे?" मी म्हणालो, "झालंच आता. पुण्याला उतरलो की लगेच फोन करतो." ती म्हणाली, "या सावकाश. मी ताट मांडून ठिवलंय."

भोवती शेदोनशे माणसे होती. सगळी एकाच विमानाची, सगळ्यांच्या हातात फराळाच्या पिशव्या, सगळ्यांना घरी कोणी तरी वाट पाहणारे. पण प्रत्येक जण आपापल्या फोनच्या चौकटीत मान घालून बसलेला. मधूनच कोणी उठून खिडकीशी बसलेल्या मुलीवर ओरडून येई आणि पुन्हा जागेवर बसे. मढच्या थांब्यावर पंधरा माणसांचा एक उशीर होता. इथे दोनशे माणसांचे दोनशे उशीर होते.

आमचे बोलणे ऐकून एक झाडूवाली बाई जवळ आली. बेळगावकडची होती. मराठी कानावर पडल्यामुळे तिला बरे वाटलेले दिसले. कुठले, कुठे निघालात, म्हणून तिने विचारपूस केली, आणि मग हसून म्हणाली, "त्या पाटीकडं काय बघत बसलाय, बाबा? खिडकीतनं भाईर बघा की. दाराशी विमान लागलंय का? ते आल्याबिगर तुम्ही जाणार कशात?"

मी आप्पांकडे पाहिले, आप्पांनी माझ्याकडे. दोघांनाही एकदमच मढचा तो टपरीवाला आठवला होता. आप्पा म्हणाले, "गेलीच न्हाई, तर येणार कुठनं!"

मी उठून खिडकीशी गेलो. आतापर्यंत चार वेळा गेलो होतो आणि चारही वेळा एकच प्रश्न विचारला होता, "विमान कधी सुटणार?" या वेळी प्रश्न बदलला. "आमचे विमान आत्ता कोठे आहे?" ती मुलगी क्षणभर थांबली. तिने यंत्रात पाहिले, आणि खालच्या आवाजात सांगून टाकले, की आमच्यासाठी यावयाचे विमान सकाळीच उत्तरेकडच्या एका शहरात बिघडून बसले आहे. त्याऐवजी दुसरे येत आहे, ते साडेतीनच्या आत इथे पोहोचत नाही. पाच तासांत कानावर पडलेले ते पहिले खरे वाक्य. गंमत अशी, की ते ऐकून माझा राग वाढला नाही, उलट उतरला. मी आप्पांना गोळ्या दिल्या, डबा उघडला आणि शेजारच्या कुटुंबापुढे चिवडा धरला. चारच्या पुढे काही होत नाही, हे सांगितल्यावर त्यांनीही आपला डबा उघडला.

विमानाचीही फेरीच असते

घरी परतल्यावर मी या विषयाच्या थोडा मागे लागलो. हाती आले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आपली समजूत अशी असते, की आपले विमान आपल्यासाठी विमानतळावर उभे असते. तसे नसते. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी दिल्ली, तेथून बंगळूर, बंगळूरहून पुणे, पुण्याहून आणखी कोठे. उतरल्यावर प्रवासी उतरवून, झाडलोट करून, इंधन भरून पुन्हा निघण्यास त्याला अर्ध्या-पाऊण तासाचीच सवड ठेवलेली असते. पहिल्या फेरीला तासाचा उशीर झाला, की तो पुढच्या प्रत्येक फेरीच्या माथी बसतो. एस.टी.च्या गाडीचे जे गणित, तेच विमानाचे. गाव तेवढे लांबलांबचे.

सणाच्या दिवसांत तर यात ढिलाईला जागाच उरत नाही. २०२३ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबरला, मुंबईच्या विमानतळावर चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. तोवरचा तो तेथला उच्चांक. आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. दीड मिनिटाला एक विमान, असा तो हिशेब पडतो. अशा दिवशी एकाने पाच मिनिटे खाल्ली, तर ती भरून काढावयाची कोठून?

पुण्याचे लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे. धावपट्टी एकच, आणि तिच्यावर पहिला हक्क हवाई दलाचा. २०२४ च्या जुलैत तेथे प्रवाशांसाठी नवी प्रशस्त इमारत सुरू झाली. बसावयास जागा झाली, पण धावपट्टी एकाची दोन झाली नाही. याच धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी २०२१ साली १६ ते २९ ऑक्टोबर असा पंधरवडाभर तो विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला होता. दिवाळी अवघ्या आठवड्यावर आली होती. थंडीत दिल्लीला धुके पडते, आणि दिल्लीच्या धुक्याने गोव्याचा माणूस मुंबईत अडकतो. २०२४ च्या जानेवारीत, अगदी संक्रांतीच्या सुमारास, असेच झाले. गोव्याहून दिल्लीस निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईत उतरविण्यात आले. आधीच कित्येक तास रखडलेले प्रवासी खाली उतरले आणि विमानाच्या शेजारीच जमिनीवर बसकण मारून जेवू लागले. त्या पंगतीची छायाचित्रे देशभर गाजली, संबंधितांना दंडही झाला. विमानांच्या वर्दळीत माणसांनी जमिनीवर बसणे धोक्याचे, हे खरेच. पण मला त्या छायाचित्रात मढचा थांबा दिसला. भुकेला आणि कंटाळलेला माणूस शेवटी पंगतच मांडतो.

उशिराचे आणखी एक कारण प्रवाशाला दिसत नाही, ते म्हणजे वैमानिकाचे कामाचे तास. ठरावीक तास भरले, की त्याला विमान उडविता येत नाही. आणि ते योग्यच आहे. झोपाळलेल्या चालकाच्या गाडीतून माळशेज घाट उतरावयास आपण तरी तयार होऊ काय? १ नोव्हेंबर २०२५ पासून या विश्रांतीच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आधीच गेली होती; आता रात्री विमान उतरविण्याच्या संख्येवरही कडक मर्यादा आली. देशातली सर्वांत मोठी कंपनी इंडिगो हिच्याजवळ त्या मानाने वैमानिक पुरेसे निघाले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबरला, एका दिवसात, हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. इतर कंपन्यांची भाडी इतकी चढली, की सरकारला अंतरानुसार भाड्याची कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागली. लग्नसराईचे दिवस होते. किती मुहूर्त त्या आठवड्यात माणसांवाचून टळले असतील, कोण जाणे!

नियम काय सांगतो?

प्रवाशाच्या बाजूने कायदा अगदीच मुका नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने उशीर आणि रद्द फेऱ्या यांबाबत नियम घालून दिले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तास वा अधिक रखडले, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक असते. उशीर सहा तासांहून अधिक असेल, तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांतले काय हवे ते प्रवाशाने निवडावयाचे. उशीर चोवीस तासांवर गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन यांदरम्यानचे विमान सहा तासांहून अधिक खोळंबले, तर राहण्याची सोय कंपनीने करावयाची. पुरेशी पूर्वसूचना न देता फेरी रद्द केल्यास, प्रवासाच्या लांबीप्रमाणे ५ ते १० हजार रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मात्र हवामान, संप, नैसर्गिक आपत्ती अशा हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई मिळत नाही.

नियम चांगले आहेत. पण माझ्या अनुभवातला मुद्दा निराळा आहे. आमचे विमान अखेर सुटले ते पाच वाजण्यास वीस मिनिटे असताना; म्हणजे सात तासांहून अधिक उशिराने. हे सात तास आम्हांला सकाळीच एकदम सांगितले असते, तर मी दुसऱ्या विमानाचा आग्रह धरला असता. निदान मढला कळविले असते, की आज संध्याकाळच. पण उशीर आम्हांला अर्ध्या-अर्ध्या, पाऊण-पाऊण तासाच्या पुड्या बांधून देण्यात आला. एकेका पुडीला काय नियम लागणार? निवड करण्याची वेळ निघून गेल्यावरच निवडीचा हक्क उगवला. प्रवाशाचे खरे नुकसान तासांनी होत नाही. ते अशा पुड्यांनी होते.

'वाट पाहणे' हा आपल्या भाषेतला मोठा बोलका शब्दप्रयोग आहे. त्यात वाट आहे आणि पाहणे आहे. मढच्या थांब्यावर वाट खरोखरच दिसत असे; एका हाताला घाटाकडून येणारा रस्ता, दुसऱ्या हाताला ओतूरकडे जाणारा. डोळ्यांपुढे वाट असली, की माणूस आपला अंदाज आपण बांधतो. विमानतळावर वाट दिसत नाही. तेथे माणूस वाट पाहत नाही, नुसता तिष्ठत बसतो. जेथे वाट दिसत नाही, तेथे ती खरेपणाने सांगणे, एवढेच सांगणाऱ्याच्या हाती असते. आणि तेवढे केले तरी पुष्कळ झाले.

आमच्या जुन्नरकरांना हे नवे नाही. याच तालुक्यात नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कोकणच्या बंदरांतला माल तांड्यांच्या पाठीवरून त्या घाटाने जुन्नरच्या पेठेत चढे. घाटाच्या माथ्यावर आजही एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. जवळच दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही आहे. कर घ्यावयाचा तर वाटसरूला विसावा आणि पाणी द्यावयाचे, एवढा व्यवहार त्या काळच्या राज्यकर्त्यांना कळत होता.

मढला पोहोचेपर्यंत

सहा वाजून गेल्यावर पुण्यास उतरलो. सामान येईपर्यंत पावणेसात. मी आत्याला फोन लावला, तो तिच्या सुनेने उचलला. "भाऊजी, कुठं आहात तुम्ही?" तिचा आवाज घाबरलेला होता. मी म्हणालो, "आत्ताच उतरलो, वहिनी. आत्या कुठे आहे?"

आत्या चारच्या सुमारास ओट्यावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली होती. अंगाला दरदरून घाम, हातांना कापरे, बोलणे तुटक. शेजारचा एक शहाणा मुलगा धावत आला. त्याला खूण पटली. त्याने आधी साखरेचे पाणी पाजले, मग डॉक्टरांना गाठले. अर्ध्या तासात ती सावरली. गोळी पोटात, अन्न नाही, आणि रक्तातली साखर खाली गेलेली. डॉक्टर म्हणाले, की आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होते.

"सकाळपासून म्हणतेय त्यांना, दोन घास खाऊन घ्या," वहिनी सांगत होती. "पण तुमचा फोन आला की म्हणायच्या, 'आता निघालेतच की, आता येतीलच.'"

आता येतीलच! त्या क्षणी मला लख्ख दिसले, की दिवसभर ज्या गोष्टीवरून मी त्या विमान कंपनीवर दात-ओठ खात होतो, तीच गोष्ट मी आत्याच्या बाबतीत केली होती. कंपनीने मला अर्ध्या तासाच्या पुड्या दिल्या. मी त्याच पुड्या, आणखी गोड शब्दांत बांधून, मढला पाठविल्या. कंपनीचे निदान एक बरे, तिने दिलगिरी तरी व्यक्त केली. मी तर "विमानात बसतोच आहोत" असे धादांत खोटे बोललो होतो. दोन वाजता, त्या झाडूवाल्या बाईनंतर, मला खरे कळले. तेव्हाही मी उलट फोन करून ते सांगितले नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून! सणासुदीच्या दिवशी वाईट बातमी कशाला, म्हणून!

चाकणच्या गर्दीत तास मोडला. आप्पा सारा वेळ खिडकीबाहेर पाहत होते. एक शब्द बोलले नाहीत. आळेफाटा सोडून ओतूर, मग डिंगोरे. पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्यावरून गार वारा येत होता. मढला पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दारात पणत्या होत्या. विझलेल्या पुन्हा लावलेल्या.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. आप्पा आत आले, तशी ती उठू लागली. आप्पांनी तिला हाताने बसविले आणि स्वतःच तिच्यापुढे पाटावर बसले. तिने ओवाळले. तबक थरथरत होते. सुनेने खालून हात दिला. आप्पांनी तबकात ओवाळणी टाकली आणि मग, आम्ही कधी पाहिले नव्हते ते केले. ताटातला पहिला घास उचलून त्यांनी बहिणीच्या तोंडात घातला.

मी पाया पडलो, तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आरं, खरं सांगितलं असतंस तर मी दोन घास खाऊन बसले नसते का? दादा येणार हे मला ठावं होतं. कधी, तेवढंच तू सांगायचं होतंस."

एवढे करावे

विमानप्रवासाचे धडे देणारा मी कोणी तज्ज्ञ नव्हे. पण सणाच्या दिवसांत प्रवासास निघणाऱ्यांसाठी, मढचा थांबा आणि तो विमानतळ या दोन शाळांत मिळून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

सणाच्या दिवशीचा प्रवास सणाच्या दिवशी करू नये. एक दिवस आधी पोहोचावे. विमान ठप्प होते, तशी एस.टी.ही होते. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली तेव्हापासून एस.टी. आपल्या सणांना साथ देत आली आहे. पण २०१७ साली ऐन दिवाळीत चार दिवस तिचा संप झाला, आणि २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कोणत्याही वाहनावर भाऊबीजेचा मुहूर्त टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. आदल्या दिवशी जमतच नसेल, तर सकाळचे पहिले विमान पाहावे. रात्री येऊन थांबलेले विमान बहुधा त्याला मिळते, आणि दिवसभराचा साठलेला उशीर त्याच्या माथी नसतो.

औषधे, पाणी आणि एक वेळचे जेवण हातातल्या पिशवीत असावे; मोठ्या सामानात टाकू नये. आपल्या आजीची शिदोरी हा मागासलेपणा नव्हता. म्हातारी माणसे बरोबर असतील, तर चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. खिडकीशी बसलेल्या मुलीवर ओरडू नये. मढच्या थांब्यावर गाडी उशिरा आली म्हणून कंडक्टरच्या अंगावर धावून गेलेला माणूस मी पाहिला आहे, आणि त्यामुळे गाडी लवकर कल्याणला पोहोचल्याचे मात्र पाहिले नाही. तिला 'कधी' असे विचारू नये. 'विमान आत्ता कोठे आहे' असे विचारावे. ते आता फोनच्या नकाशावरही पाहता येते. उशीर लांबला, तर कारण आणि नवी वेळ लेखी मागावी. पुढे दाद मागताना तोच कागद उपयोगी पडतो.

आणि घरी जो वाट पाहत असेल, त्याला खरे सांगावे. कळत नसेल, तर 'कळत नाही' असे सांगावे. "आलोच" हा शब्द खरोखर दाराशी आल्यावरच वापरावा.

२०२५ च्या दिवाळीत आप्पा वसुबारसेलाच मढला जाऊन राहिले. भाऊबीजेच्या सकाळी आत्याने गोळी घेतली, वाटीभर पेज घेतली, आणि मग ओवाळले. पेज प्यायलेली चालते का, असे कोणी तरी कुजबुजले. "भाऊ घरात आहे, तर मला कसला उपास?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परतताना मी मुद्दाम मोटार केली नाही. मुलाला घेऊन मढच्या थांब्यावर एस.टी.साठी उभा राहिलो. टपरीवर आता त्या म्हाताऱ्याचा नातू बसतो. साडेदहा वाजून गेले, तशी मुलाने चुळबूळ सुरू केली. नातवाने गाळणीतून चहा ओतता ओतता आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला,

"सर, अजून ओतूरकडं गेलीच नाही ती."

मी गाठोड्यावर बसलो, घरी फोन करून तसे कळविले, आणि करंज्यांचा डबा उघडला.